ऐन वेळचा माणूस



ज्या व्यासपीठावरून धर्म, अर्थकारण आणि साहित्य ह्यांवर विद्वानांनी बोलावयाचे, तेथे मी आज एका खेळाविषयी बोलणार आहे. आणि तो खेळही कबड्डी किंवा क्रिकेट नव्हे, तर अमेरिकेत जन्मलेला बास्केटबॉल. आपल्यापैकी पुष्कळांनी तो शाळेच्या पटांगणावर पाहिला असेल, काहींनी खेळलाही असेल. त्याचे नियम शिकवण्यासाठी मी येथे उभा नाही. त्या खेळाचे शौकीन कित्येक वर्षे आपसांत एक वाद घालीत आले आहेत, तो वाद मला आपणापुढे मांडावयाचा आहे. वाद असा : सामना बरोबरीत आहे, घड्याळात चारदोन सेकंदे उरली आहेत, प्रेक्षक उभे राहिले आहेत, अशा वेळी चेंडू कोणाच्या हाती द्यावा? आजवरच्या सगळ्या नामांकित खेळाडूंमध्ये ऐन वेळी भरवशाचा कोण?

वरवर पाहता हा वाद रिकामटेकड्यांचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. माणसाची पारख कशावरून करावयाची? त्याच्या वर्षानुवर्षांच्या कामावरून, की एका कसोटीच्या क्षणावरून? वर्षभर अभ्यास करणाऱ्या मुलाची किंमत आपण तीन तासांच्या पेपरावरून करतो, तेव्हा हाच प्रश्न आपल्यासमोर असतो. खेळात तो अधिक उघडपणे दिसतो, इतकेच.

अमेरिकन लोकांनी ह्या ऐनवेळच्या कर्तबगारीला 'क्लच' असे नाव दिले आहे. आपल्याला क्लच म्हटला की मोटारीतला पायाखालचा दांडा आठवतो. पण मूळ शब्दाचा अर्थ घट्ट पकड असा आहे. आपल्या मराठीत ह्याच्या उलट अवस्थेला फार नेमका शब्दप्रयोग आहे : कच खाणे. तेव्हा ऐन वेळी जो कच खात नाही, तो 'क्लच' खेळाडू, असे आपण आजच्यापुरते धरून चालू.

आता, शेवटच्या क्षणाला ह्या खेळात एवढे महत्त्व का? जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ सालच्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड गावी, हिवाळ्यात बंद खोलीत मुलांना खेळता यावे म्हणून हा खेळ काढला. पीच फळांच्या टोपल्या सज्जाला अडकवल्या, त्या दहा फूट उंचीवर आल्या, आणि आजही लोखंडी कडे तितक्याच उंचीवर असते. पुढे ह्या खेळाचा धंदा झाला. पण धंदेवाईक खेळात एक मोठी खोड शिरली. ज्या संघाला आघाडी मिळे तो चेंडू नुसता आपल्याकडे खेळवीत बसे. १९५० सालच्या नोव्हेंबरात फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस ह्या संघांचा सामना झाला, त्याचा अखेरचा हिशेब होता १९ विरुद्ध १८! पैसे मोजून आलेले लोक जांभया देऊ लागले. तेव्हा सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन ह्यांनी एक साधे गणित मांडले. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. चांगल्या, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू टोपलीकडे फेकतात. २८८० ला १२० ने भागा. उत्तर येते २४. म्हणून १९५४ पासून नियम झाला की चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांच्या आत नेम धरलाच पाहिजे. एका वर्षात संघाची सरासरी ७९ गुणांवरून ९३ वर गेली.

ह्या नियमाचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. आघाडी घेऊन लपून बसण्याची सोय गेली. शिवाय पंचाची शिट्टी वाजली की घड्याळही थांबते. त्यामुळे शेवटचे एक मिनिट कधी कधी दहा मिनिटे चालते. असा हा शेवटचा क्षण नियमांनीच ताणून लांब केलेला आहे. एन. बी. ए. ह्या अमेरिकेतल्या प्रमुख धंदेवाईक संघटनेने त्याची व्याख्याही केली आहे : चौथ्या भागाची शेवटची पाच मिनिटे किंवा जादा वेळ, आणि दोन संघांत पाच किंवा त्याहून कमी गुणांचे अंतर. २०२२-२३ च्या मोसमापासून अशा वेळी सर्वांत चांगला खेळणाऱ्याला स्वतंत्र पारितोषिक देतात. पहिले डीॲरन फॉक्सला मिळाले, दुसरे स्टीफन करीला. ह्या पारितोषिकाला जेरी वेस्ट ह्या जुन्या खेळाडूचे नाव आहे. हे नाव आपण ध्यानात ठेवावे. त्याच्याकडे मला शेवटी यावयाचे आहे.

वादात पहिले नाव निघते ते अर्थात मायकेल जॉर्डनचे. त्याच्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. १९८९ मध्ये क्लीव्हलँडविरुद्धच्या निर्णायक सामन्यात संघ एका गुणाने मागे असता, क्रेग इलोसारखा खेळाडू अंगाशी भिडलेला असता, त्याने अगदी शेवटच्या क्षणी चेंडू टोपलीत टाकला आणि शिकागो १०१–१०० ने जिंकले. पण त्याची खरी कीर्ती १४ जून १९९८ च्या सामन्यावर उभी आहे. युटाविरुद्ध अंतिम मालिकेतला सहावा सामना. ४२ सेकंदे उरली असता शिकागो तीन गुणांनी मागे. जॉर्डनने प्रथम मुसंडी मारून दोन गुण काढले. मग मागून येऊन कार्ल मलोनच्या हातातला चेंडू काढून घेतला. आणि शेवटी, सहकाऱ्यांना आवाज न देता, थांबण्याची खूण न करता, एकट्याने चेंडू नेऊन ५.२ सेकंदे उरली असता विजयाची फेक केली. ८७–८६. सहा अंतिम मालिका, सहा विजय. ह्यापुढे बोलण्यासारखे काय उरले, असे जॉर्डनचे भक्त विचारतात.

बोलण्यासारखे बरेच उरले आहे. त्या रात्री जॉर्डनने ४५ गुण केले हे सर्वांना पाठ आहे. परंतु त्यासाठी त्याने चेंडू ३५ वेळा फेकला आणि त्यांतल्या २० फेकी चुकल्या, हे किती जणांना आठवते? स्वतः जॉर्डन ह्या बाबतीत आपल्या भक्तांपेक्षा प्रामाणिक होता. एका जाहिरातीत त्याने उघड सांगितले होते की, सामना जिंकून देणारी फेक माझ्यावर सोपवली गेली आणि मी ती चुकलो, असे २६ वेळा घडले आहे. ह्या २६ वेळांची चित्रे कोणाच्या भिंतीवर लागलेली नाहीत.

श्रोतेहो, आपल्याकडे नवसाला पावणाऱ्या देवस्थानांची कीर्ती कशी पसरते ते पाहा. ज्याचा नवस फळाला आला तो पेढे वाटतो, गावभर सांगतो, दरवर्षी यात्रेला जातो. ज्याचा फळाला आला नाही तो मुकाट्याने घरी बसतो. म्हणून ऐकू येतात ते सगळे फळाला आलेलेच नवस. ऐनवेळच्या खेळाडूंची कीर्तीही अशीच वाढत असते. पडलेला चेंडू हजार वेळा दाखवला जातो. चुकलेला कोणी दाखवीत नाही.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण कोबी ब्रायंटचे. दीर्घकाळ असे होते की, शेवटची फेक कोणाला द्याल असे विचारले की संघांचे व्यवस्थापकसुद्धा मोठ्या बहुमताने त्याचेच नाव घेत. २०११ साली एका पत्रकाराने वह्या उघडल्या. शेवटची २४ सेकंदे, सामना बरोबरीत किंवा एकदोन गुणांनी मागे. अशा स्थितीत कोबीने तोपर्यंत ११५ वेळा चेंडू फेकला होता. टोपलीत पडला ३६ वेळा. ७९ वेळा चुकला. शंभरात एकतीस! इतर खेळाडूंची सरासरीही जवळपास तेवढीच निघाली.

ह्यावरून कोबी सामान्य होता असा निष्कर्ष कोणी काढू नये. शेवटच्या क्षणी सगळ्यांचीच सरासरी खाली येते, आणि त्याला कारणे आहेत. प्रतिस्पर्ध्याला ठाऊक असते की चेंडू कोणाकडे जाणार. दोन-दोन माणसे त्याच्या अंगावर धावतात. पाय थकलेले असतात. आणि घाईने, तिरक्या अंगाने, असेल त्या जागेवरून फेकावे लागते. कोणी म्हणेल, ही तर बाहेरची कारणे झाली, मनाचे काय? त्यासाठी मुक्त फेकीकडे पाहावे. मुक्त फेक म्हणजे पंधरा फुटांवरून, समोर कोणी आडवा न येता, दम घेऊन केलेली फेक. पहिल्या मिनिटाला आणि शेवटच्या मिनिटाला तिच्यात तिळमात्र फरक नसतो. फरक असलाच तर तो माणसाच्या छातीत असतो. काही अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अशा हजारो फेकींचा हिशेब प्रसिद्ध केला. चुरशीच्या सामन्याच्या अखेरच्या सेकंदांत, नेहमी शंभरात जेवढ्या पडतात त्याहून पाच ते दहा कमी पडतात, असे त्यांना दिसले. म्हणजे हात कापतात, मोठमोठ्यांचे कापतात.

तेव्हा माझे पहिले म्हणणे असे आहे. कसोटीच्या वेळी अंगात काही संचार होऊन माणूस आपल्याहून मोठा होतो, ही समजूत सोडून द्यावी. तसे क्वचित घडलेले दिसते, हे मी नाकारीत नाही. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात यजमान फ्रान्स जवळ येऊन ठेपला असता, स्टीफन करीने शेवटच्या तीन मिनिटांच्या आत चार वेळा लांबून तीन-तीन गुण टिपले, ते ज्यांनी पाहिले त्यांना संचारच वाटला असेल. परंतु करी ती फेक वर्षानुवर्षे, रोज, शेकड्यांनी करीत आला आहे. ऐन वेळचा मोठा खेळाडू तो, की इतरांची घसरण होते तेथे ज्याची घसरण कमी होते. आणि घसरण कमी का होते, ह्याची उत्तरे आपणा सर्वांच्या कामाची आहेत.

पहिले उत्तर सवयीचे. २०१३ साली मायामी आणि सॅन अँटोनिओ ह्यांची अंतिम मालिका चालू होती. सहाव्या सामन्यात अर्धे मिनिट उरले असता मायामी पाच गुणांनी मागे; हा सामना गेला की मालिका गेली. विजेतेपदाच्या समारंभासाठी मैदानाभोवती दोरखंड धरायला माणसे येऊन उभीसुद्धा राहिली. तीन गुण हवे असताना लेब्रॉन जेम्सची फेक चुकली, उसळलेला चेंडू ख्रिस बॉशने उडी मारून झेलला, आणि रे ॲलन नावाचा सदतीस वर्षांचा खेळाडू, टोपलीकडे तोंड ठेवून, न पाहता उलट्या पावलांनी कोपऱ्याकडे सरकला. रेषेच्या मागे नेमकी पावले पडली, चेंडू हातात आला, फेकला, पडला. ५.२ सेकंदे उरली होती. बरोबरी झाली, मायामीने जादा वेळेत तो सामना आणि मग मालिका जिंकली. लोक म्हणाले, चमत्कार! परंतु ॲलन सरावात नेमके हेच करीत असे. टोपलीखाली आडवे पडावयाचे, चटकन उठावयाचे, उलट्या पावलांनी कोपऱ्यात जावयाचे, आणि रेषेवर पाय न ठेवता फेकावयाचे. अशी वेळ कधी येईल हे त्याला ठाऊक नव्हते. ती आली तेव्हा त्याचे पाय तयार होते.

दुसरे उत्तर धैर्याचे. आणि हे धैर्य म्हणजे चुकण्याची तयारी. कोबी ब्रायंट अठरा वर्षांचा असताना, १९९७ साली, युटाविरुद्धच्या बाद फेरीतील सामन्यात अखेरच्या काही मिनिटांत त्याने चार वेळा चेंडू असा फेकला की तो कड्यालाही लागला नाही. मोसम तेथेच संपला. असा पोरगा पुन्हा चेंडू मागणार नाही असे कोणालाही वाटावे. तो पुढची एकोणीस वर्षे मागत राहिला. ११५ पैकी ३६ हा आकडा मी मघाशी त्याच्या विरुद्ध सांगितला; आता तोच त्याच्या बाजूने सांगतो. ७९ वेळा चुकूनही एकशेसोळाव्या वेळी हात पुढे करणे सोपे नसते. आपल्या संस्थांत, सभांत, घरांत, अडचणीच्या वेळी 'हे माझ्याकडे द्या' असे म्हणणारी माणसे किती असतात? बहुतेक वेळा सगळ्यांचे डोळे जमिनीकडे लागलेले असतात.

तिसरे उत्तर थोडे नाजूक आहे. ऐन वेळी चेंडू स्वतःकडे ठेवावा की दुसऱ्याला द्यावा? १९९३ च्या अंतिम मालिकेचा निकाल लावणारा चेंडू जॉर्डनकडून पिपेनकडे, पिपेनकडून ग्रँटकडे आणि तेथून मोकळ्या उभ्या असलेल्या जॉन पॅक्सनकडे गेला. त्याने तो टाकला आणि ९९–९८ असा विजय झाला. १९९७ साली पुन्हा, ८६–८६ अशी बरोबरी असता, दोघेजण जॉर्डनवर धावून आले, त्याने चेंडू स्टीव्ह करकडे दिला आणि करने तो टाकला. लोकांनी जॉर्डनच्या शहाणपणाचे पोवाडे गायिले. आता दुसरे चित्र पाहा. २००७ साली डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेचा पहिला सामना; क्लीव्हलँड दोन गुणांनी मागे, सहा-सात सेकंदे बाकी. लेब्रॉन जेम्स टोपलीकडे घुसला, प्रतिस्पर्धी त्याच्याभोवती गोळा झाले, आणि त्याने कोपऱ्यात एकट्या असलेल्या डॉनयेल मार्शलकडे चेंडू दिला. हा मार्शल आदल्याच सामन्यात लांबून सहा वेळा अचूक ठरला होता. ह्या वेळी त्याचा नेम चुकला. दुसऱ्या दिवशी गावोगाव चर्चा सुरू झाली की लेब्रॉनने कच खाल्ली.

ही दोन्ही कृत्ये तराजूच्या दोन पारड्यांत घालून पाहावी. दोघेजण अंगावर आले, सोबती मोकळा दिसला, चेंडू दिला. जॉर्डनने जे केले तेच लेब्रॉनने केले. एकाला शहाणपण म्हटले, दुसऱ्याला भित्रेपणा. आणि दोहोंतला फरक कशात, तर तिसऱ्याच माणसाच्या हातून सुटलेला चेंडू कड्याच्या आत पडला की बाहेर, एवढ्यात. 'ज्याचा शेवट गोड ते सर्वच गोड' ही म्हण संसारात ठीक आहे. न्यायनिवाड्यात ती फार घातक आहे. हाच लेब्रॉन दहा दिवसांनी, त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात, संघाच्या शेवटच्या ३० गुणांपैकी २९ स्वतः काढतो आणि दोन जादा डावांनंतर सामना जिंकून देतो. दहा दिवसांत माणसाचे काळीज बदलत नाही. आणि स्वार्थी म्हणून हिणवल्या गेलेल्या कोबीने २०१० च्या सातव्या सामन्यात, स्वतःच्या २४ पैकी केवळ ६ फेकी पडल्या असता, शेवटच्या मिनिटाच्या तोंडावर चेंडू रॉन आर्टेस्टकडे दिला. आर्टेस्टची ती तीन गुणांची फेक विजयाला कारण झाली.

आतापर्यंत मी फेकीबद्दलच बोललो, कारण वादही फेकीभोवतीच फिरत असतो. परंतु सामना केवळ चेंडू टाकणारे जिंकत नाहीत. १९५७ साली बॉस्टन आणि सेंट लुइस ह्यांचा अंतिम सामना झाला. बॉस्टनचे दोन नामवंत, बॉब कूझी आणि बिल शार्मन, ह्यांनी मिळून ४० वेळा चेंडू फेकला आणि तो ५ वेळा पडला. दोघेही थोर खेळाडू, दोघांचेही हात त्या दिवशी गेले. सामना उचलला तो पहिल्याच वर्षी खेळणाऱ्या दोन पोरांनी. टॉम हाइन्सनने ३७ गुण केले, आणि बिल रसेलने ३२ वेळा कड्यावरून उसळलेला चेंडू हस्तगत केला. पहिली मुदत संपण्यास मिनिटभराहून कमी वेळ उरला असता, एका गुणाची आघाडी असता, सेंट लुइसचा कोलमन चेंडू घेऊन मोकळा टोपलीकडे सुटला. रसेल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तेथून धावत येऊन त्याने तो चेंडू हवेत अडवला. सामना दोन जादा डावांनंतर बॉस्टनने १२५–१२३ ने जिंकला.

हा बिल रसेल तेरा वर्षे खेळला आणि त्यांत अकरा वेळा त्याचा संघ अजिंक्य ठरला. सात सामन्यांच्या मालिकेत दोन्ही संघ तीन-तीन जिंकले की सातवा सामना सर्वस्वाचा असतो. असे दहा सातवे सामने रसेलच्या वाट्याला आले. दहाही त्याच्या संघाने जिंकले. आणि हाच रसेल सामन्यापूर्वी इतका अस्वस्थ होई की त्याला वांती होत असे. भीती वाटत नाही तो शूर, ही आपली व्याख्या किती अपुरी आहे पाहा! रसेलची भीती सामन्याआधी संपून जाई. जवळजवळ साठ वर्षांनंतर, २०१६ च्या सातव्या सामन्यात, ८९–८९ अशी बरोबरी असता, लेब्रॉनने तसेच मागून धावत येऊन इग्वोडालाचा चेंडू काचेवर अडवला. मग कायरी अर्व्हिंगने तीन गुणांची फेक टाकली. टाकणाऱ्याइतकेच अडवणाऱ्याचेही नाव राहिले, हे बरे झाले.

राहता राहिले दैव. २०१९ साली टोरांटोच्या कवाय लेनर्डने सातव्या सामन्यात कोपऱ्यातून फेकलेला शेवटचा चेंडू कड्यावर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा उसळला, आणि मग आत पडला. त्या वर्षी टोरांटो अजिंक्य झाले. चौथ्या उसळीला तो बाहेर पडता, तर लेनर्डच्या मनगटात काय फरक झाला असता? २०२५ साली इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनने चारही फेऱ्यांत अखेरच्या क्षणी अशा फेकी केल्या. अंतिम मालिकेचा पहिला सामना ०.३ सेकंद उरले असता १११–११० असा जिंकून दिला. काही आठवड्यांपूर्वी त्याच्याच व्यवसायबंधूंनी गुप्त मतदानात त्याला 'वाजवीपेक्षा जास्त वाखाणला गेलेला' ठरवले होते! आणि सातव्या सामन्यात, पहिल्याच भागात, त्याच्या टाचेमागची कंडरा तुटली. शेवटचा क्षण आला तेव्हा तो तेथे नव्हताच.

आता जेरी वेस्टकडे येतो. ज्याच्या नावाने हे पारितोषिक देतात, ज्याच्या आकृतीवरून एन. बी. ए. चे बोधचिन्ह काढलेले आहे, आणि ज्याला त्याच्या हयातीत लोक 'मिस्टर क्लच' म्हणत, त्याचा हिशेब काय आहे? नऊ अंतिम मालिका, आठ पराभव. १९६९ साली बॉस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याने ४२ गुण केले. त्या सामन्याच्या अखेरीस बॉस्टनच्या डॉन नेल्सनचा चेंडू कड्याच्या मागच्या बाजूला आदळून उंच उडाला आणि सरळ टोपलीत आला. वेस्टचा संघ दोन गुणांनी हरला. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून वेस्टची निवड झाली. हरलेल्या संघातील खेळाडूला तो मान मिळाल्याचे आजवरचे ते एकच उदाहरण. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कविरुद्ध घड्याळ संपता संपता त्याने जवळजवळ साठ फुटांवरून चेंडू टाकून बरोबरी केली. त्या काळी लांबच्या फेकीला तीन गुण नव्हते, तो नियम १९७९ साली आला. म्हणून दोनच गुण मिळाले, जादा वेळ झाला, आणि वेस्टचा संघ हरला. शेवटी १९७२ साली एकदाचे विजेतेपद मिळाले, तेव्हा त्या मालिकेत त्याचा नेम नेहमीपेक्षा फार वाईट होता! उत्तम खेळला तेव्हा हरला, आणि वाईट खेळला तेव्हा जिंकला. तरीही सोबत्यांनी आणि प्रतिस्पर्ध्यांनी ऐन वेळचा माणूस म्हणून त्याचेच नाव घेतले. त्यांनी निकालफलक पाहिला नाही; त्यांनी त्याला जवळून पाहिले होते.

आणि ज्यांना कोणी नाव दिले नाही त्यांचे काय? १९९५ च्या अंतिम मालिकेचा पहिला सामना. ऑर्लँडो तीन गुणांनी पुढे, साडेदहा सेकंदे बाकी. निक अँडरसनला लागोपाठ चार मुक्त फेकी मिळाल्या. चारांतली एक पडती तरी सामना जवळपास हातात होता. चारही चुकल्या, ह्यूस्टनने बरोबरी केली, सामना जिंकला आणि मालिकाही. तोवर शंभरात सत्तरच्या आसपास मुक्त फेकी टाकणारा हा माणूस दोन वर्षांत चाळिसावर आला. हाताचे कसब तेच होते. लोकांचे बोलणे तेवढे कानात भरले होते. आपल्याकडेही हे घडले आहे. १९८६ साली शारजात शेवटच्या चेंडूवर मियाँदादने षटकार मारला, आणि चेतन शर्माचे नाव त्या एका चेंडूला कायमचे चिकटले. दीड वर्षाने ह्याच शर्माने आपल्या नागपुरात विश्वचषकाच्या इतिहासातील पहिली हॅट्ट्रिक केली. आपल्याला दोहोंतले काय आधी आठवते, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

श्रोतेहो, वाद मी मांडला, तेव्हा निकाल टाळून जाणे योग्य होणार नाही. एक सामना जिंकावयाचा असेल तर मी रसेलला घेईन. कारण त्याच्या हाती चेंडू नसतानाही तो सामना जिंकू शकतो. एक फेक करावयाची असेल तर जॉर्डनला देईन, आणि ती तो दुसऱ्याला देऊन मोकळा झाला तरी तक्रार करणार नाही. परंतु ऐन वेळचा माणूस कसा असावा असे कोणी मुलाने विचारले, तर त्याला मी जेरी वेस्ट दाखवीन. सराव आपल्या हातात आहे, हात पुढे करणे आपल्या हातात आहे, मोकळा सोबती दिसला तर त्याला देणे आपल्या हातात आहे. चेंडू कड्यावर उसळून कोणत्या बाजूला पडेल, हे कोणाच्याच हातात नाही. तेवढ्यावरून माणसाला देव करू नये आणि तेवढ्यावरून त्याला मातीतही घालू नये.

परीक्षांचे निकाल लागण्याचे दिवस आता जवळ आले आहेत. आपल्या घरोघरी चेंडू कड्यावर उसळत आहेत. तेव्हा मी जे सांगितले त्यातले थोडे आपणास आठवले, तर ह्या खेळाच्या गोष्टी येथे सांगितल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.